चाळीस वर्षं एकट्याने खेळलेला पिनबॉल

एका गृहस्थांनी विचारलं आहे: ‘बारा वर्षांचा होतो तेव्हापासून पिनबॉलचं वेड आहे. आता पन्नाशी उलटली. जिथे मशीन दिसेल तिथे खिशातली नाणी संपेपर्यंत खेळायचं, तेही एकट्यानेच, असंच आजवर चाललं. आता वाटतं, आपल्यासारखे वेडे शोधावेत, त्यांच्या लीगमध्ये खेळावं. पण तिथे माझा निभाव लागेल का? की आधी स्वतःचं मशीन घेऊन घरी तयारी करू?’

निभाव लागणार नाही. निदान पहिले काही महिने तरी नाही. आणि तयारीसाठी म्हणून मशीन अजिबात घेऊ नका. दोन्ही उत्तरं कडू आहेत, पण मी गेली सव्वीस वर्षं ही मशीनं, म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर धातूचा बॉल खेळवायची टेबलं, दुरुस्त करते, त्यातली चौदा वर्षं एक छोटी लीगही चालवते. तुमच्यासारखे ‘एकटे’ खेळाडू दारातून आत येताना मी इतके पाहिलेत, की त्यांचा पहिला बॉल कसा जाणार हे मला आधीच सांगता येतं. मधोमध, दोन फ्लिपरच्या, म्हणजे बटण दाबलं की वर उडणाऱ्या दोन छोट्या दांड्यांच्या, फटीतून. आणि तो जात असतो तेव्हा त्यांची दोन्ही बटणं दाबलेली असतात.

एकट्याने शिकलेला माणूस यावरून लगेच ओळखू येतो. बॉल खाली येताना दिसला की तो दोन्ही फ्लिपर एकदम उडवतो. फ्लिपर खाली असताना त्यांच्या टोकांमधलं अंतर कमी असतं. दोन्ही वर गेले की तीच फट रुंदावते. म्हणजे ऐन वेळी, दार लावायचं तेव्हाच, आपण ते सताड उघडून देतो. मग ‘नशीबच फुटकं’ म्हणत पुढचं नाणं. अशी चाळीस वर्षं जातात आणि सांगणारं कोणी भेटत नाही, कारण शेजारी कोणी उभंच नसतं.

हा खेळ दुसऱ्याचे हात बघून शिकतात. लीगमध्ये पहिल्या दिवशी गेलात की स्कोअरकडे बघू नका, बॉलकडेही फार बघू नका. जो सगळ्यात शांत खेळतोय त्याच्या बाजूला, जरा मागे, उभे राहा आणि त्याची बोटं बघा. चांगला खेळाडू निम्मा वेळ काहीच करत नाही, हे तिथे कळतं. बॉल वेगाने फ्लिपरवर येतोय, आणि हा बोट हलवत नाही. बॉल खाली पडलेल्या फ्लिपरच्या रबरावर आपटतो, वेग टाकतो आणि टुणकन पलीकडच्या फ्लिपरवर जातो. तिथे तो अलगद पकडला जातो. याला ‘डेड बाउन्स’ म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाचं लक्ष नाही. पुढच्या बॉलला पुन्हा तेच झालं, आणि मी माझी पर्स खाली ठेवून नीट बघायला लागले.

पकडलेला बॉल म्हणजे ‘क्रेडल’. फ्लिपर वर धरून ठेवायचा, बॉल त्याच्या मुळाशी खोबणीत येऊन विसावतो. इथे मशीनच्या पोटातली एक गोष्ट सांगते, कारण ती कळली की खेळ बदलतो. बहुतेक मशीनमध्ये फ्लिपरच्या कॉइलला दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, मोजक्या फेऱ्यांचं. ते जोरदार फटका देतं. दुसरं बारीक तारेचं, पुष्कळ फेऱ्यांचं. ते थोड्या विजेवर फ्लिपर नुसता वर धरून ठेवतं. फ्लिपर पूर्ण वर गेला की एक छोटा स्विच उघडतो आणि जोराचं काम थांबून धरून ठेवण्याचं काम सुरू होतं. तो स्विच नीट असेल तर बटण मिनिटभर दाबून ठेवा, काही जळत नाही. थांबायची ही सोय मशीनमध्ये मुद्दाम केलेली आहे. एकट्या खेळाडूच्या मात्र ती गावीही नसते. बॉल आपल्या मागे लागलाय अशा घाईत तो खेळत राहतो.

थांबलात की विचार करता येतो. कुठला दिवा लुकलुकतोय, कुठला रॅम्प आता मोलाचा आहे, हे बघता येतं. मग बोट सोडायचं, बॉल फ्लिपरवरून घरंगळू द्यायचा आणि हवा तिथे मारायचा. टोकाजवळ आल्यावर मारला तर तो तिरका, समोरच्या बाजूला जातो. मुळाशी असतानाच मारला तर आपल्याच बाजूला वर चढतो. एवढ्या एका गोष्टीचा सराव महिनाभर केलात तरी तुमचा खेळ ओळखू येणार नाही.

पुढे ‘लाइव्ह कॅच’ येतो, म्हणजे बॉल आपटतो त्याच क्षणी फ्लिपर वर पोचलेला असणं, की बॉल तिथेच मेल्यासारखा पडतो. ‘ड्रॉप कॅच’ म्हणजे वर धरलेला फ्लिपर बॉल येता येता खाली सोडणं, जशी क्रिकेटमध्ये कॅच घेताना आपण हात मागे घेतो. ‘पोस्ट पास’ आहे, ‘टॅप पास’ आहे. ही नावं पाठ करू नका. कोणी करून दाखवलं की नाव आपोआप लक्षात राहतं, आणि विचारलंत तर दाखवायला लोक एका पायावर तयार असतात. फक्त त्यांचा बॉल चालू असताना विचारू नका.

आता धक्क्याविषयी. एकटे खेळणारे दोन प्रकारचे असतात. एक मशीनला हातच लावत नाहीत, देव्हाऱ्यासमोर उभे असल्यासारखे. दुसरे बॉल गेल्यावर मशीनवर गुद्दा हाणतात, म्हणजे वरातीमागून घोडं. धक्का हा खेळाचाच भाग आहे. कॅबिनेटच्या आत एक ओळंबा लटकत असतो, गवंड्याकडे असतो तसाच, आणि त्याच्याभोवती धातूचं कडं. मशीन जास्त हललं की ओळंबा कड्याला टेकतो, सर्किट पूर्ण होतं आणि टिल्ट होतं: फ्लिपर मरतात, बॉल हातातून जातो, त्या बॉलचा साठलेला बोनसही जातो. नवीन मशीनं आधी एक-दोन इशारे देतात, जुनी देत नाहीत. ही हलवाहलवी पकडण्याची युक्ती 1930 च्या दशकात हॅरी विल्यम्स यांनी काढली, आणि तेव्हापासून प्रत्येक खेळाडूचं त्या ओळंब्याशी मनातल्या मनात भांडण चालू आहे.

ओळंबा हा लंबक आहे हे विसरू नका. एक छोटा धक्का दिलात तर तो थोडा हलेल आणि थांबेल. त्याच्या हेलकाव्यात दुसरा धक्का मिसळलात तर झोका वाढतो, पाळण्याला जसा लागोपाठ हात लावल्यावर वाढतो. टिल्ट बहुतेक वेळा या दुसऱ्या धक्क्याने होतं, तोही घाबरून दिलेल्या. म्हणून एकच, योग्य वेळी. बॉल आउटलेनच्या, म्हणजे कडेने बाहेर जायच्या वाटेच्या, तोंडाशी असलेल्या रबरावर आदळतो त्याच क्षणी मशीन बोटभर सरकलं तर बॉल आतल्या बाजूला वळतो. क्षणभर उशीर झाला तर उपयोग शून्य. मला हे जमायला दोन वर्षं लागली, आणि अजूनही माझ्या लीगमध्ये सगळ्यात जास्त टिल्ट माझ्याच नावावर आहेत.

‘नशीबच फुटकं’ हे शब्द वर आले. याच ‘नशीब’ शब्दापायी हा खेळ न्यू यॉर्क शहरात चौतीस वर्षं बंद होता. 1942 मध्ये महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी पिनबॉल म्हणजे जुगार ठरवून बंदी आणली, मशीनं जप्त केली, छायाचित्रकारांसमोर घणाने फोडली. त्यांचंही अगदीच चुकत होतं असं मला वाटत नाही. तेव्हाच्या मशीनला फ्लिपरच नव्हते! प्लंजर, म्हणजे बॉल वर ढकलणारा स्प्रिंगचा दांडा, ओढायचा, बॉल सोडायचा, खिळ्यांमधून तो कुठे पडतो ते बघायचं आणि जमेल तेवढं मशीन हलवायचं. विजेवर चालणारे फ्लिपर आले 1947 मध्ये, गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’वर, हॅरी मॅब्ज यांच्या कल्पनेतून, दोन्ही बाजूंना तीन-तीन. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी जेन्को कंपनीच्या ‘ट्रिपल ॲक्शन’वर दोनच फ्लिपर ठेवले, तेही तळाशी, आणि आज आपण ओळखतो तो खेळ तिथून सुरू झाला. खेळ बदलला, बंदी मात्र तशीच राहिली.

ती उठली 1976 मध्ये. रॉजर शार्प या पत्रकाराला शहराच्या समितीपुढे बोलावलं होतं, हा कौशल्याचा खेळ आहे हे दाखवायला. दोन मशीनं आणली होती, एक खेळायला आणि एक अडचणीला. समितीतल्या एकाला संशय आला की पहिल्या मशीनमध्ये काही करून ठेवलंय. त्याने दुसऱ्यावर खेळायला लावलं. शार्प खेळले, तरी चेहरे हलेनात. शेवटी त्यांनी प्लंजरला हात घालून सांगितलं की आता हा बॉल वरच्या मधल्या लेनमधून जाईल. सोडला, आणि गेला. समितीचं मत तिथेच फिरलं. आता गंमत बघा, ज्या फटक्याने कौशल्य सिद्ध झालं तो प्लंजरचा होता, फ्लिपरचा नाही. ओळंब्यासारखा मीही यावर दोन्हीकडे हेलकावते: त्यात हात किती आणि नशीब किती? पण एवढं खरं, की कित्येक वर्षं हात बसल्याशिवाय असा दावा करायची हिंमत होत नाही. त्यांचीच दोन मुलं, जॉश आणि झॅक, पुढे आंतरराष्ट्रीय पिनबॉल संघटनेच्या, म्हणजे आय.एफ.पी.ए.च्या, कामात उतरली. 2006 पासून ही संघटना जागतिक क्रमवारी ठेवते. तुमची पहिली स्पर्धा तिच्या यादीतली असेल तर तुमचंही नाव त्या क्रमवारीत लागेल, अगदी तळाला. माझं लागलं तेव्हा मी तो कागद फ्रिजवर चिकटवला होता.

मंडळी शोधायची कशी, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण अडणार तिथेच. सोपी वाट अशी: जिथे खेळता तिथलं मशीन चांगल्या स्थितीत असेल तर ते कोण सांभाळतं ते विचारा. स्वच्छ काच, जिवंत फ्लिपर, सगळे दिवे चालू, म्हणजे त्यामागे कोणी तरी प्रेमाने हात फिरवतंय. तो दुरुस्ती करणारा माणूस दहा खेळाडूंना ओळखतो. लीग असेल तर दिवस सांगेल, नसेल तर कोणाच्या घरी किंवा गॅरेजमध्ये मशीनं आहेत ते सांगेल.

आमच्या जगात दुरुस्तीवाल्याला एवढा मान का, त्यालाही कारण आहे. पिनबॉलची राजधानी म्हणजे शिकागो. तिथल्या विल्यम्स कंपनीने 1992 मध्ये बॅली या नावाखाली काढलेल्या ‘ॲडम्स फॅमिली’ची 20,270 मशीनं विकली गेली; त्या काळात दुसऱ्या कुठल्या मशीनला हे जमलं नाही. आणि सातच वर्षांनी, 1999 मध्ये, त्याच कंपनीने पिनबॉलचा विभाग बंद केला. त्यानंतर बरीच वर्षं मोठा म्हणावा असा एकच कारखाना उरला, स्टर्न. भाग मिळेनात, माहीतगार निवृत्त झाले. तेव्हा ही हजारो मशीनं भंगारात गेली नाहीत ती हौशी लोकांमुळे. कोणी प्लास्टिकचे तुकडे नव्याने छापायला लागलं, कोणी सर्किट बोर्ड बनवायला, कोणी सर्किटचे जुने नकाशे जपून ठेवले. लोक जमायचे ते खेळायला कमी आणि काच उचलून आत डोकवायला जास्त. पुढे नवे कारखाने आले, 2013 मध्ये जर्सी जॅक कंपनीचं ‘विझर्ड ऑफ ऑझ’ आलं, आज पुन्हा निवड करता येते. पण ती सवय राहिली. म्हणून सांगते, स्कोअरने तुमची ओळख होणार नाही. लीगच्या दिवशी तासभर लवकर जा आणि ‘काही मदत हवी का’ म्हणा. रबर बदलायचे असतात, प्लेफील्ड, म्हणजे बॉल फिरतो ती फळी, पुसून मेण लावायचं असतं, ओरखडे पडलेला बॉल बदलायचा असतो, कारण तसा बॉल पॉलिश पेपरसारखा प्लेफील्ड खात जातो. तिथे अर्ध्या तासात जेवढी मैत्री होते तेवढी सहा स्पर्धांत होत नाही.

काच मात्र जपून. मी पहिल्यांदा मदतीला गेले तेव्हा काढलेली काच फरशीवर उभी टेकवली. टफन्ड काचेचा पृष्ठभाग दणकट असतो, पण कडा हळव्या. फरशीला कड लागली आणि सगळी काच साखरेसारखी सांडली. कोणी ओरडलं नाही. एकाने झाडू आणला, एकाने सांगितलं, ‘खाली नेहमी गालिचा.’ मला त्या दिवशी घरात घेतलं असं वाटलं, हे खरं सांगते.

लीगचे प्रकार अनेक आहेत. तुम्हाला बहुधा चौघांच्या गटात टाकतील. एका मशीनवर चौघं आळीपाळीने एकेक बॉल खेळतात, आणि पहिल्याला सात, मग पाच, तीन, एक अशासारखे गुण मिळतात. याचा फायदा लगेच दिसतो: स्वतःचे तीन बॉल खेळता खेळता तुम्ही इतरांचे नऊ बघता. शिवाय मशीन-मशीनचे आकडे वेगळे. जुन्या फिरत्या आकड्यांच्या मशीनवर काही हजार म्हणजे चांगला खेळ, तर 1995 च्या ‘अटॅक फ्रॉम मार्स’वर अब्जांची भाषा. त्यामुळे नुसता आकडा कोणी विचारत नाही, गटात कितवा आलात ते विचारतात.

रीत थोडीच, पण पाळाच. आपली पाळी आहे की नाही ते डिस्प्लेवर बघूनच प्लंजरला हात लावा. दुसऱ्याचा बॉल खेळलात तर त्या मशीनवरून बाद व्हाल, आणि असं एकदा सगळ्यांचंच होतं. खेळणाऱ्याच्या मशीनला टेकू नका. बॉल अडकला तर मशीन बदडू नका, हात वर करून संचालकाला बोलवा. तुमच्या धक्क्याने ओळंबा अजून हलत असेल तर पुढच्याने तो शांत होईपर्यंत थांबायचं असतं. त्याची वाट बघण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आणि बॉल चालू असताना सल्ला देऊ नका, तुमचं कितीही बरोबर असलं तरी. वयाची चिंता करू नका. आमच्याकडे आजोबा-नातवंडं एकाच गटात खेळतात, आणि बहुतेक वेळा आजोबा जिंकतात, कारण त्यांना घाई नसते. मनगटं मात्र सांभाळा. बटण हलकं असतं, ते दाबायला खांद्यातून जोर लावायची गरज नाही. गोंगाट सोसत नसेल तर कानात बोळे घाला, अनेक जण घालतात.

बायकांनी खुशाल यावं, हेही इथेच सांगते, कारण विचारणारे पुरुष असले तरी वाचणारे सगळे नाहीत. मी सुरुवात केली तेव्हा खोलीत मी एकटीच असायचे आणि दर वेळी कोणी तरी मला फ्लिपर म्हणजे काय ते समजावून सांगायचं. माझ्या हातात सोल्डरिंग गन असायची तरी. आता केवळ बायकांच्या लीगही आहेत. 2013 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये सुरू झालेल्या ‘बेल्स अँड चाइम्स’च्या शाखा पुष्कळ शहरांत आहेत.

राहिला मशीन घेण्याचा प्रश्न. आत्ता घेतलंत तर काय होईल सांगते. घरी तुम्ही पुन्हा एकटे, पुन्हा दोन्ही बटणं. तेच मशीन, त्याच चुका, आता रोज. शिवाय मशीन वापरलेलं असलं तर ते बिघडणार, आणि बिघडलं की कोणाला विचारायचं हे माहीत नसणार. आधी निदान वर्षभर दुसऱ्यांच्या मशीनवर खेळा. जुनं, रिले आणि घंटांचं मशीन आवडतंय की डिस्प्लेवर गोष्ट सांगणारं, हे तुम्हाला आज वाटतं त्याहून वेगळं निघेल. माझं तसंच झालं: नव्वदच्या दशकातलं एक गाजलेलं मशीन घ्यायला म्हणून पैसे साठवले आणि शेवटी घेतलं ते घंटांचं, कारण ते बिघडलं की ऐकूनच कळतं कुठे बिघडलंय.

वेळ आली हे ओळखायचं कसं? मंडळींपैकी कोणी म्हणालं, ‘पुढच्या वेळी तुमच्या घरी जमू या की,’ की समजा. मग घ्या. घेताना त्यांच्यातलाच एक जाणकार सोबत न्या, काच काढून प्लेफील्ड उचलून बघा, मशीन चालू करून सगळे फ्लिपर दाबून धरा आणि जळका वास येतो का ते पाहा. उचलायलाही तेच लोक लागतील. साधारण सव्वाशे किलोचा ऐवज आहे, बॅकबॉक्स, म्हणजे मागची उभी पेटी, खाली दुमडून आणि पाय काढूनही दोघांना जड जातो. आणि आत हात घालण्याआधी वायर भिंतीतून काढा, कारण डिस्प्लेच्या सर्किटमध्ये शंभराहून जास्त व्होल्ट असू शकतात.

घरी आणून पाय लावलेत, लेव्हल बघितलीत, की कोणी तरी स्टार्टचं बटण दाबायला धावेल. त्याला थांबवा. आधी बॅकबॉक्स उघडा आणि मुख्य बोर्डवरच्या बॅटऱ्या बघा. आधीच्या मालकाने त्या किती वर्षांपूर्वी घातल्यात हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि गळलेल्या बॅटरीचं पाणी बोर्ड खाऊन टाकतं. माझं एक मशीन तसंच गेलं. हिरवी बुरशी दिसली तर चालू करू नका, मला किंवा कोणाला तरी बोलवा. दिसली नाही तरी बॅटऱ्या काढाच, मग खेळा.